तीन इंचना पाइप शे का?

पारोळ्याला माझं पाइपांचं आणि त्याच्या जोडसामानाचं दुकान आहे. सुरत-नागपूर महामार्गावरचं हे गाव जळगाव जिल्ह्यात मोडतं, पण आम्हाला धुळं जवळ. त्यामुळे दोन्ही जिल्ह्यांतले शेतकरी, गवंडी, नळजोडणीवाले दुकानात येतात. गिऱ्हाईक इंचात मागतं, कारखाना मिलिमीटरात छापतो, बिल मीटरवर होतं, शेत फुटांनी मोजलेलं असतं आणि सातबारावर हेक्टर-आर लिहिलेले असतात. १९९६ पासून मी या सगळ्या मापांच्या मध्ये उभा आहे. काही चुका मी केल्या, काही माझ्यासमोर झाल्या, आणि प्रत्येक चुकीची किंमत कुणाच्या तरी खिशातून, क्वचित कुणाच्या नशिबातून गेली. मुलगा आता गल्ल्यावर बसू लागला आहे. त्याला तोंडी सांगून झालं. आता लिहून ठेवतो.

१. २५.४ ने गुणण्याआधी विचारायचं, मोजलंय कुठून कुठपर्यंत?

एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. अगदी नेमके, पुढे एकही दशांश नाही. १ जुलै १९५९ पासून अमेरिका, ब्रिटन आणि इंच वापरणाऱ्या इतर देशांनी हाच आकडा पक्का केला. त्याआधी अमेरिकेच्या आणि ब्रिटनच्या इंचात अतिसूक्ष्म फरक होता, तो तेव्हा मिटला. हा आकडा सातवीतल्या पोरालाही पाठ असतो. अडचण त्याच्यात कधीच नव्हती.

गिऱ्हाईक येतं आणि विचारतं, “भो, तीन इंचना पाइप शे का?” तीन गुणिले २५.४ म्हणजे ७६.२. दुकानात ७५ मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप आहे. हिशेब करणारा माणूस तोच काढून देईल, आणि तिथेच चुकेल. खान्देशातला शेतकरी ज्याला तीन इंची म्हणतो तो ९० मिलिमीटरचा. ७५ चा तो अडीच इंची, ६३ चा दोन इंची, ११० चा चार इंची. ६३ ला २५.४ ने भागलं तर २.४८ येतात, म्हणजे गणिताने तो अडीच इंची झाला. पण बाजारात अडीच इंची मागितला तर ७५ चा हातात पडतो. गणित बरोबर करणारा इथे नेमका एक माप खाली किंवा वर जातो.

हे असं का झालं, ते समजायला मला बरीच वर्षं लागली. आधी जीआय पाइप होते, जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी. त्यांचं नाव आतल्या पोकळीवरून पडलेलं. दोन इंची जीआय पाइप बाहेरून ६०.३ मिलिमीटर भरतो, अडीच इंची ७६.१, तीन इंची ८८.९, चार इंची ११४.३. मग पीव्हीसी आला. त्याचं माप बाहेरच्या व्यासावर ठरतं आणि मिलिमीटरातच छापलं जातं: ६३, ७५, ९०, ११०. हे आकडे जीआयच्या आकड्यांखाली लिहून पाहा. ज्या जाडीचा जुना पाइप उकरून काढला, साधारण त्याच जाडीचा नवा पाइप चारीत बसला आणि जुन्याचं नाव त्याला चिकटलं. यात शेतकऱ्याचं काहीही चुकलेलं नाही. त्याने नाव बरोबर चालवलं. फक्त ते नाव आहे, मोजमाप नाही, हे ध्यानात ठेवायचं.

जीआयमध्येही नाव आणि माप जुळतंच असं नाही. अर्धा इंची जीआय पाइप बाहेरून २१.३ आणि आतून साधारण १६ मिलिमीटर असतो. अर्धा इंच म्हणजे १२.७. त्या पाइपाला कुठेही पट्टी लावली तरी १२.७ सापडत नाही.

माझा पुतण्या पुण्याहून अभियंता होऊन आला आणि त्याने वडिलांच्या जुन्या पाइपलाइनच्या दुरुस्तीची यादी तयार केली. हुशार मुलगा, मन लावून केलेलं काम. जुन्या लाइनवर वडिलांनी ‘अडीच इंची’ सांगितलं, त्याने ६३.५ काढले आणि ६३ मिलिमीटरचे कपलर, एल्बो, टी, सगळं धुळ्याहून आणलं. लाइन ७५ ची होती. एकही नग बसला नाही. त्या दिवशी त्याचा चेहरा फार उतरला होता. मी त्याला सांगितलं ते इथे पुन्हा लिहितो: शिक्षणाचा दोष नाही. प्रश्न अर्धाच विचारला गेला होता.

याच्या उलट एक उदाहरण मी लहानपणी पाहिलेलं. माझ्या मामाचं गाव शेंदुर्णी. उन्हाळ्यात आम्ही पाचोऱ्याहून जामनेरच्या छोट्या गाडीने जायचो. तिला सगळे पीजेच म्हणत. ती आता बंद आहे. तिच्या दोन रुळांमधलं अंतर अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. पाचोऱ्यालाच पलीकडे मुंबई-भुसावळची मोठी लाइन, साडेपाच फुटांची, १६७६ मिलिमीटर. रेल्वेत फूट म्हणा की मिलिमीटर, घोटाळा होत नाही, कारण हे अंतर दोन रुळांच्या आतल्या कडांमध्ये मोजायचं, असं आधीच ठरलेलं असतं. पाइपाच्या नावात तेवढंच राहून गेलं.

२. वीस फुटी पाइप वीस फूट नसतो.

दुकान सुरू करून दोन वर्षं झाली होती. धुळे तालुक्यातला एक शेतकरी आला. विहिरीपासून वरच्या शेतापर्यंत दोन हजार फूट लाइन टाकायची होती. मी तोंडी हिशेब केला, वीस फुटी शंभर पाइप. त्याने शंभर नेले. आठवड्याने तो परत आला आणि काही न बोलता दुकानाबाहेरच्या बाकावर बसला. लाइन शेताच्या बांधापाशी येऊन संपली होती. चारी उघडी होती, मजूर बसून होते, हरभऱ्याचं पाणी लांबलं होतं.

पाइप सहा मीटरचा होता. सहा मीटर म्हणजे १९ फूट ८ इंच आणि थोडं. शंभर पाइपांचे सहाशे मीटर झाले. दोन हजार फूट म्हणजे ६०९.६ मीटर. इथेच साडेनऊ मीटर कमी. शिवाय प्रत्येक पाइपाचं टोक पुढच्याच्या सॉकेटात चार-एक इंच आत जातं. नव्याण्णव जोडांत दहा मीटर तिथे गेले. एकूण वीस मीटर, म्हणजे तीन पाइप पुरते आणि चौथ्याचा तुकडा.

तेव्हापासून मी लांबीला ५.९ ने भागतो आणि येईल त्याच्या पुढचा पूर्ण आकडा धरतो. दोन हजार फुटांना १०४ पाइप. वळणं असतील तर दोन जास्त. उरलेला पाइप मी परत घेतो, हे आधीच सांगून ठेवतो. त्या शेतकऱ्याला चार पाइप मी माझ्या गाडीने पोचवले, पैसे घेतले नाहीत. तो अजून माझ्याकडेच येतो, पण त्याचा तो न बोलता बसलेला चेहरा मी विसरलेलो नाही.

३. पाच फूट चार इंच म्हणजे ५.४ नव्हे.

हा धडा पाइपाचा नाही, पण सगळ्यांत जास्त मनाला लागलेला हाच आहे. आमच्या भागात पहाटे पाच वाजता बाहेर पडलं तर रस्त्याच्या कडेला पोरं धावताना दिसतात. पोलिस भरतीची तयारी. मुलांना १६५ सेंटिमीटर उंची लागते, मुलींना १५५. माझ्या दुकानात सुट्टीत काम करणारा एक मुलगा दीड वर्षं धावत होता. दुकानातल्याच पोलादी टेपने त्याने भिंतीशी उभं राहून उंची मोजून घेतली होती: पाच फूट साडेचार इंच. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर त्याने ५.४५ टाकले, ३०.४८ ने गुणले. १६६ आले. तो निर्धास्त झाला.

फुटात बारा इंच असतात, दहा नव्हेत. साडेचार इंच म्हणजे फुटाचा ०.३७५ भाग. खरा हिशेब असा: पाच फुटांचे साठ इंच, त्यात साडेचार, झाले साडेचौसष्ट. त्यांना २.५४ ने गुणायचं. १६३.८. मैदानावर मोजणीच्या पट्टीखाली उभं राहिल्यावर त्याला ते कळलं. धावण्यापर्यंत गोष्ट गेलीच नाही.

उंची त्याच्या हातात नव्हती. पण दीड वर्षापूर्वी खरा आकडा कळला असता तर ते दीड वर्ष त्याने दुसऱ्या कशाला दिलं असतं. टेप माझा होता, भिंत माझी होती, आणि मी शेजारीच बिलं लिहीत बसलो होतो. आता कुणीही फूट-इंच बोललं की मी आधी सगळ्याचे इंच करायला लावतो, मग पुढचं. बिंदू लावायची घाई नको. मराठीत आपण ‘साडेपाच फूट’ म्हणतो ते ५.५ बरोबर आहे, पण ‘पाच-पाच’ म्हणतो ते ५.५ नाही. बोलताना दोन्ही सारखंच ऐकू येतं, कागदावर पूर्ण एका इंचाचा फरक पडतो.

४. पाण्याचा इंच हा वेगळाच इंच.

“पानी लागनं का?” “हा, दोन इंच लागनं.”

बोअर झाल्यावर गावात पहिलं बोलणं हे. या दोन इंचांचे किमान दोन अर्थ आहेत, आणि सांगणारा कोणत्या अर्थाने सांगतो ते विचारल्याशिवाय कळत नाही. एक अर्थ, दोन इंची पाइप भरून पाणी चालेल. दुसरा अर्थ खाचेचा. भूजलाचे जाणकार पत्र्याला ‘व्ही’ आकाराची काटकोनी खाच पाडतात, तिच्यातून पाणी सोडतात आणि खाचेच्या टोकापासून पाणी किती इंच चढलं ते वाचतात. त्या खाचेत दोन इंच पाणी चढलं तर तासाला सुमारे २,९०० लिटर मिळतं. दोन इंची पाइपातून सेकंदाला दीड मीटर अशा सर्वसाधारण वेगाने पाणी चाललं तर तासाला बारा ते चौदा हजार लिटर जातं. शब्द एकच, पाणी चार-पाच पटींनी निराळं.

खाचेचा हिशेब आणखी एका गोष्टीने फसवतो. तिथे दोनाचे चार इंच झाले तर पाणी दुप्पट होत नाही, साडेपाच पटींहून थोडं जास्त होतं. दोन इंचांना २,९०० लिटर, तीन इंचांना आठ हजार, चार इंचांना सोळा हजारांच्या वर. खाच वर रुंद होत जाते म्हणून. पाइपातही दुप्पट व्यास म्हणजे चौपट तोंड. लोक इंचांची बेरीज करतात, “एका बोअरला दोन इंच, दुसऱ्याला दोन, झाले चार”. झाले नाहीत. दोन-दोन इंचांचे दोन बोअर मिळून खाचेवर पावणेतीन इंचांपलीकडे जात नाहीत.

खाचेचे दोन इंच ऐकून पाइपाचे दोन इंच धरणाऱ्या एका गिऱ्हाइकाने मोठी मोटर बसवली. बोअर तिला पुरला नाही. मोटर कोरडी चालली आणि पहिल्याच उन्हाळ्यात वाइंडिंग जळलं. मोटर दुसऱ्या दुकानातली होती, पण पाइप माझ्याकडून गेले होते आणि मी काही विचारलं नव्हतं.

आता मी एकच सांगतो: दोनशे लिटरचा ड्रम लावा आणि मोबाइलवर वेळ बघा. चार मिनिटांत भरला तर तासाला तीन हजार लिटर. मिनिटात भरला तर बारा हजार. इंच विसरा. पण बोअर सुरू केल्या केल्या मोजू नका, आधी तासभर चालू द्या. साठलेलं पाणी आधी येतं आणि ते खोटी आशा लावतं.

पावसाचा इंच मात्र सरळ आहे, आणि तो मला फार आवडतो. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. एक इंच पाऊस एका एकरावर पडला तर एक लाख दोन हजार आठशे लिटर पाणी आलं. आमच्यासारख्या अवर्षणाच्या पट्ट्यात हा आकडा प्रत्येक पोराला सांगायला हवा. जूनमध्ये कृषी खातं सांगतं की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय कापूस लावू नका. म्हणजे तीन ते चार इंच. म्हातारी माणसं हेच वीतभर ओल, हातभर ओल असं सांगतात. फक्त इंचभर पाऊस आणि इंचभर ओल एक समजू नये. पाणी मातीच्या पोकळ्यांतून उतरतं, त्यामुळे ओल पावसाच्या कितीतरी पट खोल जाते. काळ्या रानात किती आणि मुरमाड रानात किती, ते कुदळ मारूनच बघावं.

५. चौरसाला चौरसाचाच गुणक.

मीटरचे फूट करायला ३.२८ ने गुणतात. चौरस मीटरचे चौरस फूट करायला १०.७६ ने. शंभर चौरस मीटरचा प्लॉट ३२८ चौरस फूट समजून सौदा सोडून देणारा माणूस मी पाहिला आहे. तो १,०७६ होता.

शेताच्या बाबतीत चूक छोटी असते, पण भावांत भांडणं लावते. आमच्या जमिनी इंग्रजांच्या काळात ३३ फुटांच्या साखळीने मोजल्या गेल्या. साखळीचे सोळा आणे. एक साखळी लांब, एक साखळी रुंद तो गुंठा, १,०८९ चौरस फूट. चाळीस गुंठ्यांचा एकर, ४३,५६० चौरस फूट. १९५६ च्या कायद्यानंतर देशात दशमान मापं आली, आणि सातबारावर हेक्टर-आर आले. ३३ फूट म्हणजे १०.०६ मीटर, त्यामुळे गुंठा १०१.१७ चौरस मीटरचा आणि आर बरोबर १०० चा. लोक दोन्ही एकच धरतात. दोन-चार गुंठ्यांत काही बिघडत नाही. दहा एकरांत पावणेपाच आरांचा फरक पडतो, आणि वाटणीच्या वेळी तेवढा तुकडा नेमका विहिरीशेजारचा निघतो.

६. पाच फूट आणि दीड मीटर यांत फक्त एक इंच आहे, पण तो प्रत्येक झाडाला आहे.

माझे मेहुणे यावल तालुक्यात केळी करतात. तिकडे लागवडीचं अंतर सांगताना शेतकरी ‘पाच बाय पाच’ म्हणतो आणि पुस्तक ‘दीड बाय दीड मीटर’. पाच फूट म्हणजे १.५२४ मीटर. फरक २.४ सेंटिमीटर, एक इंचसुद्धा भरत नाही. एकराला मात्र पाच फुटांवर १,७४२ रोपं बसतात आणि दीड मीटरवर १,७९८. छप्पन्न रोपांचा फरक. टिश्यू कल्चरची रोपं आगाऊ पैसे भरून, गाडी ठरवून आणावी लागतात. छप्पन्न रोपं उरली किंवा कमी पडली तर दोन्हीकडून जीव जातो.

रोपांच्या संख्येपेक्षा वाईट गोष्ट नळीची. ठिबकच्या नळीत ड्रिपर कारखान्यातच बसवलेले येतात, अंतर सेंटिमीटरात. समजा पन्नासवर ड्रिपर आहेत. दर तिसऱ्या ड्रिपरला एक रोप, असा सरळ हिशेब मनात असतो. पण लागवड दोरीवर फुटांच्या गाठी मारून झालेली. पहिलं रोप ड्रिपरखाली. दुसरं अडीच सेंटिमीटर पुढे. तिसरं पाच. दहा रोपं ओलांडली की अकरावं रोप दोन ड्रिपरांच्या बरोबर मध्ये येतं, दोन्हीकडून वीतभर लांब. विसाच्या आसपास पुन्हा जुळतं, आणि पुन्हा सरकायला लागतं. मेहुण्यांच्या शेतात पहिल्या वर्षी रांगेत एक लाट दिसायची: काही रोपं टवटवीत, मग हळूहळू मंद, मग पुन्हा टवटवीत. आम्ही खत तपासलं, माती तपासली. शेवटी गुडघ्यावर बसून टेप लावला तेव्हा कळलं. मोठ्या केळीची मुळं दूरवर जातात, तिला हे चालून जातं; पण पिशवीतून नुकतं काढलेलं रोप वीतभरावरचं पाणी घ्यायला जाऊ शकत नाही.

आता ते दोरीला गाठी मारत नाहीत. आधी नळी अंथरतात, पाणी सोडतात, आणि ओल्या गोलावर खड्डा घेतात. मोजायचं काम नळीवरच सोपवलं.

७. सूत.

इंचाचे आठ सूत. एक सूत ३.१७५ मिलिमीटरचं. गवंडी सळई सुतात मागतो: तीन सूत म्हणजे १० मिलिमीटर, चार सूत म्हणजे १२, पाच सूत म्हणजे १६. पाच सुतांचं जुळतं (१५.९), तीन सुतांचं चालून जातं (९.५). चार सुतांकडे लक्ष द्या. चार सूत म्हणजे अर्धा इंच, १२.७. बाजारात मिळते ती १२ ची. मीटरला खरी अर्धा इंची सळई जवळजवळ किलोभर भरली असती, १२ ची ८९० ग्रॅम भरते. नकाशाच १२ चा असेल तर काही प्रश्न नाही. पण फुटा-इंचांत काढलेला जुना नकाशा घेऊन कुणी वरचा मजला चढवत असेल, तर प्रत्येक सळईमागे दहा-अकरा टक्के लोखंड कमी पडतं. तिथे मी सळई विकत नसलो तरी बोलतो. अभियंत्याला दाखवा म्हणतो.

८. पाच इंच, एकशे सत्तावीस मिलिमीटर.

हे मला धुळ्याच्या अवधान एमआयडीसीत एका लेथवाल्याने शिकवलं. एका जुन्या पंपाचा आटेदार भाग करून घ्यायला गेलो होतो. त्याचा लेथ इंचांचा, जुना, आणि आटे मिलिमीटरचे पाडायचे होते. त्याने कपाटातून तेलकट कापडात गुंडाळलेलं एक मोठं दातेरी चाक काढलं आणि यंत्राला चढवलं. दाते किती, मी विचारलं. एकशे सत्तावीस.

एका इंचाचे २५.४, म्हणजे दशांशाचं शेपूट. पण पाच इंचांचे पूर्ण १२७, शेपूट नाही. आणि १२७ ला कशानेच भाग जात नाही, ती मूळ संख्या आहे, म्हणून त्याहून लहान चाकाने काम भागत नाही. दोन मापपद्धती त्या एका चाकाच्या दातांवर नेमक्या जुळतात. मला ते पाहून फार आनंद झाला. एवढी वर्षं जी गोष्ट मी ‘जवळपास’ म्हणून चालवत होतो, ती इथे लोखंडात अचूक कापलेली होती. मी ते चाक हातात घेऊन दाते मोजले. त्याने मोजू दिले.

तेव्हापासून मी पाठांतर बदललं. पाच इंचांना १२७, दहा फुटांना ३.०४८ मीटर. अधलेमधले सगळे आकडे यांवरून निघतात. आणि पूर्णांक करायचा तो अगदी शेवटी. इंचाला पंचवीस मिलिमीटर आणि फुटाला तीस सेंटिमीटर आधीच धरून पुढे गुणत गेलं, की दोन हजार फुटांत साडेनऊ मीटर हरवतात.

९. आपल्या हाताची वीत एकदा मोजून ठेवावी.

आई घरी शिवणकाम करायची. तिची इंच टेप अजून माझ्याकडे आहे. एका बाजूला साठ इंच, दुसऱ्या बाजूला दीडशे सेंटिमीटर, आणि सेंटिमीटर संपल्यावर दोन बोटं कोरी पट्टी. लहानपणी मला वाटायचं की छापणाऱ्याची शाई संपली. साठ इंच म्हणजे १५२.४ सेंटिमीटर, हे पुढे कळलं. ती कोरी दोन बोटं हा मला मिळालेला पहिला धडा.

पुस्तकातली वीत नऊ इंचांची. आईची आठ इंच होती, आणि ते तिला माहीत होतं. बाजारात कापड वितीने मोजून ती मनातल्या मनात दर वितीमागे इंच कमी करायची आणि कापड कधी कमी पडायचं नाही. माझी वीत साडेआठ इंच भरते, २१.६ सेंटिमीटर. शेतावर टेप नसतो तेव्हा पाइपाचा घेर, चारीची खोली, ड्रिपरचं अंतर, सगळं मी तिने मोजतो. पाऊलही मोजून ठेवलं आहे, पण ते वयाबरोबर आखूड होत चाललं आहे, म्हणून दर दिवाळीला पुन्हा मोजतो.

१०. नाव आणि तुकडा, दोन्ही समोर ठेवावेत.

कायद्याने मला मिलिमीटर आणि मीटरच लिहायचे असतात आणि बिलावर मी तेच लिहितो. पण गिऱ्हाइकाला ‘इंच म्हणू नका’ असं मी कधी सांगितलं नाही, सांगणारही नाही. वीस वर्षांपूर्वी मी दुकानात एक सागाची फळी लावली. तिच्यावर प्रत्येक पाइपाचा बोटभर कापलेला गोल तुकडा खिळ्याला टांगला आहे: २०, २५, ३२, ४०, ५०, ६३, ७५, ९०, ११०, १४०, १६०. प्रत्येकाखाली वर मिलिमीटर आणि खाली लोक म्हणतात ते इंची नाव रंगवलेलं. खालच्या रांगेत जीआयचे तुकडे, त्यांचंही तसंच. येणारा माणूस तुकडा काढून हातात घेतो, अंगठा आतून फिरवतो आणि म्हणतो, हाच.

परवा शिरपूरकडचा एक तरुण आला. वडील गेल्यानंतर पहिल्यांदाच लाइनचं काम अंगावर पडलेलं. “तीन इंचना पाइप शे का?” मुलाने त्याला फळीपाशी नेलं. त्याने ९० चा तुकडा पाहिला, ७५ चा पाहिला, पुन्हा ९० चा हातात धरला आणि त्याला सांगता येईना. पंचेचाळीस पाइप नेणार होता. मुलाने त्याला एकही दिला नाही. घरी जा, म्हणाला, विहिरीजवळ लाइन जिथे उघडी आहे तिथून एवढासा तुकडा कापून आण, आणि शेवटच्या व्हॉल्व्हपासून शेतापर्यंतची लांबी टेपने मोज, पावलांनी नको.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही शटर उघडलं तेव्हा तो पायरीवर बसलेला होता. मांडीवर ‘देशदूत’च्या कागदात गुंडाळलेला पाइपाचा तुकडा. मुलाने तो फळीवरच्या ७५ च्या तुकड्याशेजारी धरला.